नऊ एकांचा आकडा

माय, आज मुलींना भागाकार शिकवताना फळ्यावर नऊ एक ओळीने लिहिले आणि तू आठवलीस. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. प्लेगच्या त्या साली सगळं कोरीट गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिलं होतं. तुझ्या काखेत गाठ आली, ताप चढला, आणि बापूंनी तुला बांधापलीकडच्या वेगळ्या झोपडीत ठेवलं. बापू गावच्या शाळेचे मास्तर; तुझं सगळं तेच करायचे. मी तुझ्याकडे धावू नये म्हणून त्यांनी मला निंबाखाली बसवलं आणि काडीने मातीत हा आकडा काढला. "तठे जावानं नही. आठे बस, हाऊ फोड."

फोडायचा म्हणजे भाग जात राहील तोवर भागत जायचं. तिनाने भाग गेला. उत्तराला पुन्हा तिनाने भाग गेला, आणि मातीत जे उमटलं ते बघून मी उभीच राहिले. बांधावरून ओरडून तुला सांगितलं, "माय, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ!" आतून तुझा बारीक आवाज आला, "आठ ऱ्हायना ना वं!" खरंच, आठ तेवढा राहिला होता. मी हसते आहे, बापूही हसताहेत, त्या दिवसांतलं तेवढंच हसू आठवतं.

पुढे सदतीसने भाग गेला आणि तीन लाख तेहतीस हजार सहाशे सदुसष्ट राहिले. गंमत अशी की त्यांना तिनाने गुणलं तर दहा लाख एक हजार एक होतात, पण ते स्वतः कशानेच फुटेनात. सात, अकरा, तेरा, सतरा; दर वेळी बाकी उरायची. आकडा फुटला का म्हणून रोज सकाळी तू विचारायचीस, "फुटना का वं तुन्हा आकडा?" मी म्हणायचे, "नही माय!" "मंग आखो फोड." मी जेवले का असं विचारलंस तर मी रडेन, हे तुला कळत असावं.

एका सकाळी तू विचारलंच नाहीस. मी हाका मारल्या. बापू बाहेर आले, हातानेच मला थांबवलं आणि परत आत गेले. मी भागत बसले, बहुतेक एकाच आकड्याने पुन्हा पुन्हा. उन्हं कलली तेव्हा ते बांधावरून धावत आले. "फुटनी! फुटनी!" मी मातीकडे बघते आणि विचारते, "कशानं फुटना?" "आकडा नही वं, मायनी गाठ फुटनी. ताप उतरी ऱ्हायना." तुझा ताप उतरत होता. एवढं बोलून बापू बुंध्याशी बसले आणि रडले.

तू उठलीस. पुढे कापूस वेचलास, आणि पोरीची शाळा बंद करा म्हणणाऱ्या भाऊबंदांना "तिले आखो आकडा फोडाना शे" म्हणून परतवून लावलंस. त्याचा छडा मात्र तू आणि बापू गेल्यावर लागला. नंदुरबारला मास्तरीण झाल्यावर एका सुटीत मी तो उरलेला आकडा पाचशे सत्त्याहत्तरपर्यंतच्या सगळ्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहिलं. त्यापुढच्या संख्यांचे वर्ग त्या आकड्याहून मोठे, म्हणून पाहावं लागत नाही. तो फुटणारा नव्हताच, माय. बापूंना ते आधीच ठाऊक असावं.

हे तुझ्या बोलीत लिहायला बसले होते. पहिली ओळ लिहिली आणि खोडली. शाळेच्या मराठीखेरीज माझ्या हाताला आता दुसरं काही येत नाही. कुणी नाही असं बघून मोठ्यानं वाचते, तेव्हा मात्र सगळं आपल्याच बोलीत तोंडातून पडतं.