तासाला सव्वा रुपया

नाना,

आज सकाळी पेंटर आला आणि दुकानाची पाटी काढून घेऊन गेला. पत्रा गंजला होता, अर्धी अक्षरं उडाली होती. जाताना त्यानं विचारलं, "भाव काय लिहू? तोच, का वाढवून?" मी म्हटलं, उद्या सांगतो. तेव्हापासून बसून आहे आणि उद्या काय सांगायचं ते सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन दहाएक वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. अकोल्याहून मी खुशाली कळवायचो ती आईच्या नावानं. आणि आज लिहितो आहे ते काही आठवणीनं गळा दाटून आला म्हणून नव्हे. राग आहे. इतक्या वर्षांत तो उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

अकोल्यात मी काय शिकलो हे तुम्ही कधी विचारलं नाही. मॅट्रिकला नापास झालो तेव्हा तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, "याला देवानं हात दिले, बाकी राहून गेलं." त्याच हातांनी मी जिनिंगच्या कारखान्यांत मिस्त्रीच्या हाताखाली लोखंडी पाइपांना आटे पाडले, सफेदा आणि सूत लावून सांधे बसवले. तिथे भोंगा वाजला की सुट्टी, आणि भोंग्यानंतर थांबवून घेतलं तर त्या तासाचे पैसे वेगळे. ते पैसे मिस्त्री कारखान्याकडून घ्यायचा आणि आम्हाला नुसती रोजी द्यायचा. पण तासाला किंमत असते हे मला तिथे कळलं. आपल्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ठरवलं, की अमरावतीला परत जायचं, स्वतःचं दुकान टाकायचं आणि आपले तास आपण विकायचे. बायको म्हणाली, दिवाळीपर्यंत पाहू. नाही जमलं तर पुन्हा अकोला, पुन्हा मिस्त्री. तिच्या कडेवर पोरगी होती आणि एक ट्रंक होती. अंबादेवीकडच्या गल्लीत गाळा घेतला आणि त्याच्याच मागच्या खोलीत आम्ही राहिलो.

भाव मी अकोल्याचाच लावला असं सगळे समजले. मीही तसंच सांगायचो. खरं काय ते आज सांगतो. परत आल्याच्या पहिल्या आठवड्यात मी तुमच्याकडे आलो होतो, आणि तुम्ही कुणाकडची सत्यनारायणाची पूजा आटोपून आलात. पंच्याची गाठ सोडलीत. त्यात तांदूळ, नारळ आणि एक रुपया. सव्वा म्हणायचं आणि रुपया ठेवायचा ही आपल्या गल्लीची रीत. तुम्ही त्या रुपयाकडे पाहिलंसुद्धा नाही, आईकडे दिला. आईनं मात्र पाहिलं. तुम्ही पाय धुवायला गेलात आणि मी मनात हिशेब केला. मांडणी, पोथीचे पाच अध्याय, आरती, सगळं मिळून दीड तास, आणि त्याचा रुपया. मी तिथल्या तिथे ठरवलं, नानांना अख्ख्या पोथीचं जे मिळतं ते मी एका तासात घेईन. पाइपाचा भाव, गाळ्याचं भाडं, हत्यारांची झीज, यांतलं मी काहीच धरलं नव्हतं. मी फक्त तुम्हाला धरलं होतं.

पाटी लागली त्या दिवशी तुम्ही देवळातून येताना गाळ्यासमोर थांबलात. 'नळाची सर्व कामे. तासाला एक रुपया. सामान वेगळे.' तुम्ही मोठ्यानं वाचलंत. समोरच्या पानठेल्यावर चारपाच माणसं उभी होती. मग तुम्ही म्हणालात, "तासावर टांगा लावतात रे. माणूस नाही लावत." ती माणसं हसली. मी हातातला पाना पुसत राहिलो. आजही टांगा बाजूनं गेला की मला ते हसणं ऐकू येतं. टांगेवाल्याचा काही दोष नाही, पण ऐकू येतं.

पहिलं मोठं काम पाटलीणबाईंचं. अकोटकडची कास्तकार मंडळी, पोरांच्या शाळेसाठी इथे घर बांधलेली. मी भाव सांगितला तर त्यांनी डोळेच मोठे केले. "घंट्याले रुपया? काहून बाप्पा? इतल्यात तं माया वावरात बाई दिवसभर निंदते. तू नळ बसून राह्यला का सोनं घडून राह्यला?" मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बोलवा. त्यांनी मोरीच्या दारात पाट टाकला आणि काम होईस्तोवर माझ्यावर नजर ठेवून बसल्या. मला घाम पुसायची चोरी. पण काम संपलं तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं, कनवटीचे पैसे काढले आणि पूर्ण दिले. वर म्हणाल्या, "महाग हायेस, पण गळत नाई." त्या दिवशी मी बायकोला म्हटलं, ट्रंक माळ्यावर टाक.

आणि मग तुम्ही सुरू झालात. वकिलांच्या घरी मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत नव्या न्हाणीघराचं काम केलं. वकीलीणबाईंनी ताटलीत चिवडा आणि लाडू आणून ठेवला. मी हात धुऊन थांबलो. त्या म्हणाल्या, "अजून काही राहिलं का?" मी म्हटलं, तासांचे पैसे. त्या हसल्या. "अरे, नाना म्हणाले ना, घरच्याच माणसाला पैसे कसले!" मी लाडू खाल्ला, नाना. तो घशाखाली कसा उतरला ते मला ठाऊक. पुढच्या कामावर तेच आणि त्याच्या पुढच्या कामावर तेच. तुमचे यजमान जेवढ्या घरांत होते तेवढ्या घरांत तुम्ही सांगून ठेवलं होतं. पूजेला बसल्या बसल्या तुम्ही माझे तास वाटत होता, हातावर तीर्थ घालावं तसे. मी तुमच्याशी भांडायला आलो तर तुम्ही म्हणालात, "आपण मागायचं नसतं. देणारा देतो." मी विचारलं, नाही दिलं तर? तुम्ही सोवळं नेसायला आत निघून गेलात. नळात कातड्याचं वायसर, म्हणजे चकती, असते म्हणून तुम्ही देवाला नळाचं पाणी चालू देत नव्हता. मी रबराचं वायसर आणून दाखवलं, तुम्ही त्याला हात लावला नाहीत. माझ्या हातचं पाणी देवाला चालत नव्हतं आणि माझा वेळ मात्र यजमानांना फुकट चालत होता. दिवाळी तोंडावर आली तेव्हा बायकोनं माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

तेव्हा मी दुकानात सत्यनारायण घातला. पूजा सांगायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही खूश झालात, पोराला अक्कल आली असं आईला म्हणालात. वकील आणि वकीलीणबाई, गल्लीतली बाकीची घरं, ज्यांनी ज्यांनी मला चिवड्यावर बोळवलं होतं त्या सगळ्यांना मी आमंत्रण दिलं होतं, आणि पूर्ण पैसे देणाऱ्या पाटलीणबाईंनाही. पाणी विहिरीचं आणलं, तेवढं तुमचं मन राखलं. तुमचा आवाज काय लागला होता त्या दिवशी! साधुवाण्याची नाव बुडाली तेव्हा पाटलीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि तुम्ही पंचा पसरून दक्षिणेची वाट बघत बसलात. सगळे बघत होते. मी तुमच्यासमोर ताटली ठेवली, चिवडा आणि लाडू. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाना, घरच्याच माणसाला पैसे कसले!"

वकील खाली बघू लागले. वकीलीणबाईंचा चेहरा उतरला. आईनं माझ्याकडे पाहिलं, पण मी तुमच्यावरची नजर काढली नाही. मला तुमचं तोंड बघायचं होतं. कितीतरी दिवस मी त्या तोंडाची वाट बघितली होती. आणि तुम्ही लाडूचा तुकडा मोडलात, खाल्लात आणि म्हणालात, "बरोबर बोलला. घरचाच आहे." पंचा झटकून खांद्यावर टाकलात. मी दारापर्यंत आलो तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. "किती वेळ लागला रे पूजेला?" मी म्हटलं, दीड तास. "म्हणजे तुझ्या भावानं दीड रुपया," असं म्हणून तुम्ही चालू लागलात. माझा भाव तुमच्या तोंडून तेवढा एकदाच निघाला. तुम्ही चिडून बोललात का हसून, तुम्हाला लागलं का नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही. उट्टं काढलं आणि त्याची चव तुम्ही घेऊन गेलात. याचाही मला राग आहे.

पण त्यानंतर तुम्ही कुठल्याही घरी तसं बोलला नाहीत. पैसे येऊ लागले. ट्रंक परत माळ्यावर गेली ती आजतागायत तिथेच आहे. पुढे नवे पैसे आले, लोकांचा आण्यांचा हिशेब मोडला, आणि का कोण जाणे आपल्या गल्लीत पूजेला पूर्ण सव्वा रुपया ठेवायला लागले. आई सहज बोलून गेली. मी त्याच आठवड्यात पाटीवर सव्वा करून घेतला. पाटलीणबाई म्हणाल्या, "आता अजून काहून वाढवला रे?" मी म्हटलं, महागाई. महागाई कसली, मला तुमच्या पुढे राहायचं होतं. तुम्ही कुणाकडून दोन आणलेत तर मी दोन करणार होतो, त्याची तयारी होती माझी.

त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. आणि पाटी तिथेच थांबली. आता पाइपाला दुप्पट पैसे पडतात, इर्विन चौकाकडचे नवे फिटर तासाला अडीच घेतात, माझ्या हाताखालून गेलेले दोन घेतात. बायको दर दसऱ्याला म्हणते, वाढवा. पोरीचं लग्न आज ना उद्या काढावं लागेल, वाढवायलाच हवा, मला का कळत नाही? ब्रश हातात घेऊन मी पाटीसमोर उभासुद्धा राहिलो आहे. आणि लोक काय म्हणतात ठाऊक आहे? परवा पाटलीणबाई सुनेला सांगत होत्या, "याच्या बापानंई कोनाले काई मांगतलं नाई. पोरगा बापावरच गेला." वकीलीणबाई तर आता माझे पैसे विड्याच्या पानावर सुपारी ठेवून देतात. सव्वा रुपया, पान, सुपारी. मी पाना पिशवीत टाकून ते उचलतो, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्या माणसासारखं व्हायचं नाही म्हणून मी भाव लावला, त्याचीच दक्षिणा माझ्या हातावर पडते आहे.

ते म्हणतात तसा मी भला नाही. कनवाळूही नाही, पैसा मला हवाच आहे. पण आकडा काढायला बसलो की मी अजून तुमच्या पंच्यात काय पडलं असेल ते बघायला जातो, आणि तिथे काही नसतं. तुमच्यावाचून मला माझा भाव ठरवता येत नाही, नाना. हे बायकोला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पेंटरला उद्या सव्वाच लिही म्हणेन. हा कागद सकाळी बंबात घालीन, आंघोळीचं पाणी तापायला.