दिवे गेले की शुद्ध गेली

११ सप्टेंबर

आज पुन्हा सगळे दिवे लागले! सकाळी लागले, दुपारी लागले, बोनेट दणादणा आपटलं तरी लागलेच.

मुकम्बेत म्हणतो, घाटाच्या उतारावर आमच्या व्होल्गा गाडीचे दिवे एकाएकी गेले आणि धडक झाल्यावर आपोआप परत आले. आपोआप! नवरा झाला म्हणून मी मानीन, गाव कसं मानेल? समोरून घोडीवर येणारे शेजारचे, थोरल्या भावासारखे कादिरकुल आके पाय मोडून पडलेत, त्यांची घोडी जागीच गेली. त्यांच्या पत्नी, बुरुलचा वहिनी, कुंपणापलीकडून ओरडल्या, "दिवे कसले जातात? यांचीच शुद्ध गेली असेल! प्यायलेत, दुसरं काय!"

सात वर्षं झाली त्याने दारू सोडून. तरी त्या दिवशी मी गुपचूप त्याचा कोट हुंगला. वास नव्हता. हुंगला मात्र.

१२ सप्टेंबर

बॅटरी ठीक. पायाखालचं डिपरचं बटण खोललं, गंज घासून काढला. अर्थिंगची तार आवळली. चाचणीचा दिवा घेऊन बंपरपासून डॅशबोर्डपर्यंत एकेक जोड तपासला. काही नाही! बावीस वर्षं नारीनच्या ट्रॉलीबस डेपोत तारा जोडल्या, आणि या म्हाताऱ्या गाडीपुढे हात टेकायचे?

मुकम्बेतला विचारलं, "आधी मंद झाले, की एकदम गेले?"

"एकदम."

"मग तू काय केलंस?"

"सोड ना, असिलकान. शुक्रवारी गावातले वडीलधारे निवाड्याला बसतील, काय ठरवायचं ते ठरवतील."

सोड म्हणे! स्वतःची अब्रू टांगलेली, आणि हा माणूस गप्प. खरं बोलणारा भांडला नसता?

१३ सप्टेंबर

सूप करपलं. त्याने वाटी पुसून संपवलं. तेही आवडलं नाही.

१४ सप्टेंबर

सापडलं!

उभी गाडी आणि खड्ड्यांतून धावणारी गाडी एक नव्हे — हे मला चार दिवस सुचू नये? दिवे लावले आणि तारांचं जुडगं टीचटीच करत हाताने हलवत गेले. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्याच्या भोकाशी ओढलं — चर्र! ठिणगी! दोन्ही दिवे गुल. बोटांवर सेकंद मोजत बसले. जरा वेळाने आपोआप लागले!

या गाडीतला फ्यूज वितळत नाही. तापला की सुटतो, निवला की पुन्हा जोडला जातो. पत्र्याच्या कडेवर तार सोलली होती. गचका बसला की पत्र्याला टेकायची. म्हणजे खरंच बोलत होता तो! धावत जाऊन सांगणार होते.

मग टॉर्च आत धरला. तार घासू नये म्हणून भोकात बसवतात ते रबराचं कडं नव्हतंच. आणि जुडग्यावर चार-चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. अशा गाठी या गावात एकच बाई मारते.

सहा वर्षांपूर्वी ही तार मीच बदलली. कडं मिळालं की बसवू म्हटलं होतं.

१५ सप्टेंबर

कडं बसवलं. नवी तार ओढली. जुनी तार पिशवीत. चुलीत टाकली तर कुणाला कळणार आहे? तार सोलली होती एवढंच सांगायचं. ती कुणी बसवली होती ते कोण विचारतंय?

दोनदा चुलीपाशी गेले. कादिरकुल आकेंच्या कण्हण्याचा आवाज अंगणापर्यंत येतो.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी चहावर मुकम्बेतला सांगून टाकलं — तार माझी, चूक माझी.

तो पावाला लोणी लावत राहिला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"अपघात झाला त्याच संध्याकाळी बोनेट उघडलं होतं. तुझ्या गाठी ओळखत नाही होय मी?"

गावाकडून दारुडा म्हणवून घेत होता, माझ्यासाठी! आणि मी त्याचा कोट हुंगत होते.

पिशवी घेतली आहे. बैठकीत मी बोलणार.