दौंडच्या टॉकीजचे गुरुवार

गुरु., ६ नोव्हेंबर २००३, शिरूर

सुट्टी. कपडे धुतले. नाक्यावर शेळके भेटला, कंपनीत आमच्याच लाइनवर असतो. सासुरवाडी दौंडची, दिवाळी करून आलाय. म्हणाला, "मारुतीभाऊ, टेशनाजवळची जुनी टॉकीज परत चालू झाली की! लई भारी केलीय. आन् तिकिटाच्या खिडकीत वहिनी बसत्यात. बोलला न्हाई तुम्ही?"

"राहून गेलं," म्हणालो.

मला तरी कुठं माहीत होतं.

शनि., ८ नोव्हें.

सेकंड शिफ्ट. रांजणगावला जाताना बसमध्ये डोक्यात तेच. सुनंदा गेल्या वर्षी पावसाळ्यात आईचं दुखणं काढायला माहेरी गेली. यंदा उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. तेराव्यापर्यंत मी तिथंच होतो. नंतर ही आज येईल, उद्या येईल... भांडण नाही, तंटा नाही. फोनवर विचारलं की "बघू." यावर माणसानं काय बोलायचं?

लग्नानंतर आम्ही दोघंच असे पहिल्यांदा कुठं गेलो, तर त्याच टॉकीजला. पुढं ती बंद पडली. सिमेंटचं गोडाऊन झालं होतं तिथं.

गुरु., १३ नोव्हें.

सकाळच्या एसटीनं दौंड. कुणाला कळवलं नाही.

टॉकीज ओळखू आली आणि नाहीही. चुना नवा, दर्शनी नक्षी तीच. मालकाचा नातू म्हणे अडून बसला, मंगल कार्यालय करू दिलं नाही. रांगेत उभा राहिलो. खिडकीच्या जाळीतून नुसता हात दिसत होता. हिरव्या बांगड्या.

"बाल्कनी का खाली?" मान वर न करता.

"खाली. एक."

हात थांबला. मग तिकीट फाडून पुढं सरकवलं. मागचा माणूस, "चला की राव!"

लाकडी खुर्च्यांना नवा वेत, पडद्याच्या कडेनं पिवळे दिवे. सिनेमा जुनाच लावलेला, लोक हसत होते. मला काही कळला नाही. सुटल्यावर खिडकीकडं न जाता मागच्या दारानं निघालो. का, ते माहीत नाही.

रवि., १६ नोव्हें.

घरमालक आबा पायरीवर बसलेले. "सूनबाई कवा येनार रं?"

"संक्रांतीला," ठोकून दिलं.

भात जास्त झाला. वर्ष उलटलं तरी एकट्याचं माप जमलं नाही.

गुरु., २० नोव्हें.

परत गेलो. खिडकीत तीच. तिकीट घेऊन आत गेलो. सिनेमा सुरू झाल्यावर अंधारात शेजारच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं. सु. होती.

"जेवला का?" एवढंच.

इंटरव्हलला तिनं बाल्कनीत नेलं. कठडा दाखवला, "ह्यो मूळचाच हाय, नुसता घासलाय. किती थर निघालं रंगाचं!" मला एवढं सांगताना तिला कधी पाहिलं नव्हतं. शेवटी विचारलंच, घरी कधी येतेस?

कठड्यावर हात फिरवत राहिली. "तुम्ही शिफ्टला गेला की दिवसभर भिंतीसंगं बोलायचे मी. तुम्ही आला की झोपायचा. तुमचा काय दोष न्हाई त्यात. पर मी आता शिरूरला यायची न्हाई."

"मग?"

"तुम्ही या हिकडं. कुरकुंभला कंपन्या हायेत की."

"परमनंट आहे मी, सुनंदा."

"ठावं हाय मला."

बेल झाली. ती खाली गेली. उरलेला सिनेमा मी बाल्कनीतच, एकटा.

मंगळ., २५ नोव्हें.

रजा टाकून कुरकुंभ. केमिकलचा वास घशात बसला. सगळीकडं कंत्राटीच. एक ठेकेदार म्हणाला, "महिना भरला की या, बघू." त्याचंही बघूच. शेळकेला सांगितलं तर म्हणतो, "येड लागलंय का? परमनंटसाठी लोकं पाया पडत्यात."

खरंय त्याचं.

पण संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना आत जावंसं वाटेना. आबांच्या पायरीवरच बसून राहिलो.

गुरु., २७ नोव्हें., दौंड

आज सिनेमा पाहिलाच नाही. खिडकी बंद होईपर्यंत टॉकीजसमोर उभा. आतून तिचं हसणं ऐकू आलं. कुणी म्हातारी चष्मा विसरून आली होती, "तिकीट वाचून कोण दाखवनार गं बाई?" आणि सु. खळखळून हसत होती. आमच्या खोलीत असं हसल्याचं आठवत नाही.

बाहेर आली. मला पाहून चकित नाही झाली. चालत तिच्या भावाकडं गेलो. दिलीप म्हणाला, "दाजी, जेवूनच जा." तिनं पिठलं केलं. कुरकुंभचं सांगितलं, ठेकेदाराचं पण. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शेवटची एसटी आत्ता गेली असेल. उद्या फर्स्ट शिफ्ट. इतक्या वर्षांत रजा न टाकता एक खाडा नाही माझा. दिलीपनं बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलंय. सु. मोरीत भांडी घासतेय. थांबा म्हणाली नाही. जा म्हणूनही नाही.