लेकीच्या दारी पालखी

मी, राही गुणाजी भायदे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मौजे उंडीवाडी, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला भावकीतले काहीजण आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवले.

१. घर. माझे राहते घर, अंगण आणि मागच्या सुपाऱ्या (वादळाने ठेवल्या तेवढ्या) माझ्या पश्चात माझी भाची हेमांगी हिला मिळाव्यात. ती माझी दिवंगत बहीण सोनाबाई हिची मुलगी; आईचा अर्धा हिस्सा तिच्याकडे आलाच आहे, हा माझा. अलिबागला नर्स आहे. हे घर माझे वडील गुणाजी यांनी स्वकष्टाने बांधले. आधी ओटा बांधला आणि वर्षभर अख्ख्या गावाला त्यावर बसवून गप्पा हाणल्या. आई विचारी, भिंती कधी? तर म्हणत, "बसायची सोय झाली. झोपायचं बघू."

२. पालखीचा मान. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सर्वांत आधी आमच्या अंगणात टेकते. माझे थोरले चुलते कोंडाजी यांचा नातू विनेश म्हणतो की घर लेकीकडून लेकीकडे गेले तर हा मान राहणार नाही, म्हणून ते भावकीत, म्हणजे त्याच्याकडे यावे. या वादाचा निकाल वडिलांनी पूर्वीच दिला आहे. तो नोंदवते.

मी कॉलेजात असताना वडिलांनी घर आम्हा दोघी बहिणींच्या नावे करायचे जाहीर केले. कोंडाजीकाकांनी ठरवले की लेकींच्या दारात पालखी थांबणार नाही. वडील त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा संताप आला आणि मी स्वतःच एक जळजळीत भाषण तयार केले.

पालखीच्या दिवशी वडील सकाळपासून गायब. ढोल वळणावर आला तेव्हा आईची नऊवारी नेसून, नथ घालून, मिशांसकट ते वाटेत उभे. शिमग्याला ते दरवर्षी सोंग घेत: कधी फौजदार, कधी वैदू, एकदा तर खुद्द कोंडाजीकाका. आमच्याकडे सोंगाला कोणी अडवत नाही आणि सोंगाने मागितलेली पोस्त, म्हणजे शिमग्याची ओवाळणी, नाकारत नाही.

काका म्हणाले, "गुण्या, बाजूला हो. लाज हाय का काय?"

"गुण्या कोण? मी ह्या घरची लेक हाय. पोस्त घाला."

काकांनी खिशात हात घातला.

"पैसं नको, दादा. पालखी टेकवा."

आधी खांदेकरी हसले, मग ढोलवाला, मग बायका. हसणाऱ्या खांद्यांवर पालखी डुलू लागली. ती सावरायला काकांनीच हात लावला आणि ती आमच्या अंगणात उतरली. वडिलांनी पदर खोचला आणि ओवाळायचे ताट माझ्या हाती दिले.

माझे भाषण तसेच राहिले. ते मी पुढे आयुष्यभर गावोगाव केले. जिचे नाव सातबाऱ्यावर नाही, तिचे माहेर म्हणजे नुसता पाहुणचार. भात लावायला बाई चालते, झोडायला चालते, मग कागदावर का चालत नाही? वकील म्हणाले, मृत्युपत्रात भाषण नको. एवढे राहू दिले आहे.

ताट हेमांगीने धरावे. तिला धरायचे नसेल तर कोणाला द्यायचे ते तिने ठरवावे. ठरवण्याचा हक्क हाच खरा मान.

३. पुस्तके. ज्या वाचनालयाने मला सभेसाठी सभागृह नाकारले, त्यालाच सर्व द्यावीत. खुन्नस म्हणूनच देते. समासात मी लिहिलेली मते आता कायम त्यांच्या कपाटात राहतील.

४. सोंगांची पेटी गावच्या नाचमंडळाला. फौजदाराची टोपी उंदरांनी खाल्ली आहे. मंडळाने नवी घ्यावी.

५. माझे दिवस. वडील नव्वदी ओलांडून, ओट्यावर पत्त्यांचा डाव जिंकत असताना गेले. रडायला आलेली माणसे त्यांचे किस्से सांगत हसत घरी गेली. माझ्या बाराव्यालाही तसेच व्हावे. भाषण कोणीही करू नये.

६. विनेश. त्याला मी काही देत नाही. त्यात राग नाही. त्याच्या आजोबांचा वाटा त्याच्याकडे आहेच. वकिलांचे म्हणणे, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा विनेशइतका लायक साक्षीदार गावात दुसरा नाही. त्याला बोलावून हे वाचून दाखवले. तो म्हणाला, "आत्ये, तुझ्या बाबांनी माझ्या आज्याला गंडवलं. सोंग होतं म्हणून चाललं ते."

मी विचारले, "मग दुसऱ्या वर्षी? तेव्हा बाबा तापाने अंथरुणात होते. दारात मी एकटी. पालखी कोणी टेकवायला लावली?"

त्याला ठाऊक होते. त्याच्या आज्याने.

त्याने सगळे आणखी दोनदा वाचायला लावले. मग त्याने पेन मागितले.

हेच माझे अखेरचे म्हणणे. यापूर्वी बोलण्याच्या भरात कोणाला काही कबूल केले असल्यास ते रद्द समजावे.

ठिकाण: उंडीवाडी
दिनांक: ३ मार्च २०२५
सही: राही गुणाजी भायदे

साक्षीदार:

डॉ. प्रज्योत मांदाडकर. तपासले. बुद्धी शाबूत, रक्तदाब थोडा जास्त.

विनेश भायदे. आत्येने तीनदा वाचून दाखवलं. दोनदा पटलं नव्हतं.