बेकरी भाच्याला न देण्याची कारणे

मी, बाजाराच्या मागच्या रस्त्यावरील बेकरीची मालकीण, जिला लोक तोंडावर 'बेकरीवाल्या ताई' म्हणतात आणि पाठीमागे आणखी काही, आज भट्टीच्या वरच्या खोलीत ताठ बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. गोड बोलून सही मागण्याचे प्रयत्न झाले, ते पुढे येतीलच. याआधीचे माझ्या नावाचे एखादे मृत्युपत्र कोणी दाखवले तर ते रद्द समजावे आणि दाखवणाऱ्याला ते कुठून मिळाले हे आधी विचारावे.

कलम १. मी अविवाहित आहे. मला मूलबाळ नाही. एक धाकटी बहीण आहे आणि तिचा एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, जो आमच्या चर्चच्या पंच कमिटीचा चिटणीस आहे. याखेरीज कोणी दूरचा नातेवाईक रडत आला तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे.

कलम २. ही बेकरी वडिलांनी त्यांच्या हयातीत बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. वडील गेल्यावर बहिणीने सगळ्या नात्यागोत्यात सांगितले की, मी त्यांच्याकडून तापात सही करून घेतली. मी सही करून घेतलेली नाही. वडील तेव्हा खडखडीत होते आणि सही केल्यावर स्वतः उठून भट्टीत लाकडे सारून आले होते. हे मी इथे साक्षीदारांसमोर नोंदवते, कारण आजवर मला हे कोणी विचारलेच नाही. बहिणीच्या त्या एका वाक्यावरून आम्ही दोघी बहिणी केस पिकेपर्यंत बोललो नाही. चर्चमध्ये ती डाव्या बाकावर बसली की मी उजव्या.

कलम ३. वरच्या दोन्ही खोल्या, त्यातील पलंग, कपाटे, भांडी आणि शिवणयंत्र बहिणीला द्यावे. तिच्या हयातीत तिला तेथून कोणीही हलवू नये. 'कोणीही' यात तिचा मुलगा येतो.

कलम ४. भट्टीवाल्याने माझ्याबरोबर उन्हाळे-पावसाळे काढले आणि एकदाही माझी खुशामत केली नाही. बँकेत जे काही निघेल ते त्याला द्यावे. त्याच्याबद्दलही मला बरीच वर्षे संशय होता. काही सापडले नाही.

कलम ५. आता बेकरीचे. इथे मला सविस्तर लिहावे लागेल, नाहीतर मी गेल्यावर भाचा म्हणेल की, म्हातारीला धर्माच्या नावाने कोणीतरी फसवले.

आमचे चर्च ओस पडत चालले होते. लग्नाला आणि मयताला माणसे यायची, एरवी रिकाम्या बाकांवर पंखे फिरायचे. जुने पाळक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात पुरुषी चपला. प्रभुभोजनाचा पाव आमच्याच बेकरीतून जातो, म्हणून त्या ओळख करून घ्यायला आल्या असे मला वाटले. त्या म्हणाल्या, "ताई, शनिवारी दुपारी तुमची भट्टी रिकामी असते ना? तेवढा वेळ आम्हाला जागा द्याल?"

"कशाला?"

"प्रार्थनेला."

"का? चर्च पडलं की काय?"

"चर्च उभं आहे. माणसं येत नाहीत."

"आणि इथे पीठ आहे म्हणून येतील?"

"हात पिठात असले की माणसं खरं बोलतील असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "नक्की नाही सांगता येत. करून पाहायचंय."

कुठेतरी पाणी मुरतेय हे मी तिथेच ओळखले. त्याच आठवड्यात भाचा येऊन बसला होता. "मावशी, तू दमलीस आता. जागा विकून टाकू, तू आमच्याकडे राहा," असे म्हणत भिंतींकडे बघत होता. त्याच्या पाठोपाठ ही बाई जागा मागते, म्हणजे त्यानेच पाठवली असणार. मी जागा दिली ती याच कारणाने. जे काय करायचे ते माझ्या नजरेसमोर करू दे.

शनिवारचा रिवाज असा ठरला. प्रत्येकाने पीठ मळायच्या मोठ्या लाकडी काथवटीतला आपापला गोळा घ्यायचा आणि मळता मळता देवाला जे सांगायचे ते मोठ्याने सांगायचे. तक्रार असली तर तक्रार. दुसऱ्याने त्यावर शहाणपण शिकवायचे नाही. मग पीठ ओल्या फडक्याखाली ठेवायचे आणि ते फुगून येईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचे. भाजून झाल्यावर अर्धे पाव रविवारी प्रभूच्या मेजावर, आणि उरलेले ज्याच्या त्याने, ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्या दारी घेऊन जायचे.

पहिल्या शनिवारी मूठभर माणसे आली. एक बसचालक होता. कणीक आपटत म्हणाला, "देवा, माझी बायको तळमळत होती तेव्हा तू काय करत होतास? मी अजून चिडलेलोच आहे. तरी आलोय." निवृत्त मुख्याध्यापिका बाई दचकल्या. मी काउंटरची काच पुसत उभी होते. पुसून झाली तरी पुसत राहिले.

मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. मैद्याच्या पोत्यांना माझ्या पद्धतीची गाठ मारली. मिळकतीचे कागद असलेल्या कपाटाच्या कडीला केस बांधला. गाठी तशाच राहिल्या, केसही तुटला नाही. त्याने माझा संशय वाढला. इतकी सरळ माणसे मी पाहिलेली नव्हती.

कलम ६. बहीण तिसऱ्या की चौथ्या शनिवारी आली. माझ्याकडे न बघता काथवटीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि इतक्या हळू काहीतरी पुटपुटली की मला ऐकू आले नाही. संध्याकाळी माझ्या दारावर थाप पडली. हातात फडक्यात गुंडाळलेला पाव घेऊन ती जिन्यावर उभी होती.

"हे काय?"

"पाव. तुझ्याच भट्टीतला."

"कोणी पाठवलं तुला?"

"तुझ्या भाच्याने नाही. हेच विचारायचं होतं ना?" ती म्हणाली. मग भिंतीला टेकली. "ताई, बाबांच्या सहीबद्दल मी जे बोलले, ते माहीत नसताना बोलले. राग आला होता. बेकरी तुलाच का दिली म्हणून."

मी पाव मोडला, पहिला तुकडा तिला दिला आणि ती खाते का ते पाहत राहिले. तिच्या लक्षात आले. तोंडात घास असताना ती हसायला लागली. "अजून तशीच आहेस गं!" मग मीही खाल्ला. मीठ कमी होते. तेही मी तिला सांगितले.

कलम ७. पाळकबाई दर शनिवारी सगळ्यांच्या आधी मागच्या दाराने येऊन एकट्याच बसत, हे माझ्या मनातून जाईना. एका दुपारी मी चपला काढून जिना उतरले. वाटले, जागेची मापे घेत असतील. तर त्या काथवटीपाशी एक गोळा मळत होत्या. ओठ हलत नव्हते.

"काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण हात थांबले नाहीत. "ताई, मला प्रार्थना येईनाशी झालीय."

"म्हणजे?"

"चर्चमध्ये लोकांसाठी म्हणते, शब्द पाठ आहेत. एकटी बसले की काहीच नाही. समोर कोणी आहे असंच वाटत नाही. हात चालू असले की निदान उठून पळावंसं वाटत नाही."

"मग आम्हाला शिकवता काय?"

"शिकवत नाही. तुमच्याबरोबर शोधतेय. हे लपवलं तर मात्र फसवणूक होईल. आज सगळ्यांना सांगणार आहे."

आणि सांगितले. माणसे जमल्यावर, गोळा हातात घेऊन, जसेच्या तसे. मुख्याध्यापिका बाईंनी हात धुतले आणि त्या निघून गेल्या. बाकीचे थांबले. बसचालकाने पाण्याचे भांडे पुढे सरकवले. "बाई, तुमचं पीठ कोरडं पडतंय. पाणी घ्या," म्हणाला.

कलम ८. बातमी कमिटीपर्यंत गेली. भाच्याने सभा बोलावली. प्रार्थना न येणारी बाई पाळक कशी, हा विषय. साक्षीला मला बोलावले, कारण मी कोणाची बाजू घेत नाही हे गाव जाणते. सभेच्या आधी तो मिठाईचा डबा घेऊन आला. "मावशी, तू कानांनी ऐकलंस तेवढंच सांग. बाकी मी बघतो. एकदा ही शनिवारची भानगड मिटली की जागेचंही निवांत बघू." पाणी कुठे मुरत होते ते तेव्हा मला दिसले. डबा मी उघडला नाही. त्याला तो तसाच परत न्यावा लागला.

सभेत मी सांगितले ते असे. "मी सगळ्यांवर संशय घेते. या बाईंवर तर सगळ्यात जास्त घेतला. चोरी पकडायला गेले आणि त्यांनी न विचारता स्वतःचं उणं माझ्यासमोर ठेवलं. इथे बसलेल्यांपैकी एकटे असताना कोणाकोणाला प्रार्थना येते, त्यांनी हात वर करावा. आधी चिटणीसांनी." भाचा कागद चाळू लागला. माझी बहीण मागच्या बाकावर होती. ती उभी राहून पोटच्या पोराला म्हणाली, "मावशी काय विचारतेय? सांग की."

पाळकबाई राहिल्या, थोडक्यात निभावले. पण शनिवारचा पाव प्रभूच्या मेजावर आणू नये असा ठराव झाला. त्यांनी तो मानला. मी अजून मानलेला नाही. आता सगळेच पाव अबोला असलेल्यांच्या दारी जातात. पाळकबाई स्वतः मुख्याध्यापिका बाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी पाव घेतला आणि दार लावले. आमचे चर्च पुन्हा गजबजले असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. चार बाक जास्त भरतात, इतकेच. पण जे येतात ते मान खाली घालून घड्याळ बघत नाहीत.

परवा मी पाळकबाईंना विचारले, "आली का परत प्रार्थना?" त्या म्हणाल्या, "कधी कधी." रोज येते म्हणाल्या असत्या तर पुढचे कलम मी लिहिले नसते.

कलम ९. बेकरीची जागा, भट्टी, काथवट, साचे व सर्व सामान शनिवारी जमणाऱ्या मंडळींच्या सामाईक मालकीचे व्हावे. व्यवस्था बसचालक व भट्टीवाल्याने मिळून पाहावी. दोघांचे पटत नाही, म्हणून दोघे. आठवडाभर बेकरी चालावी. जागा विकता येणार नाही. माझ्या नावाची पाटी किंवा फोटो लावू नये. कोणी शिकवायला लागला, पाळक असला तरी, त्याला हात धुऊन बाहेर पाठवावे. भाच्याला माझ्याकडून काही नाही. शनिवारी यायला मात्र त्याला मनाई नाही. आला तर त्याच्या आईच्या शेजारी उभे करावे.

कलम १०. राहिला माझा देवावरचा संशय. तो मी कोणाच्या नावे करत नाही. काही शनिवारी, पीठ फडक्याखाली असताना, सगळे गप्प बसलेले असताना, मला वाटले आहे की, तोही माझ्यावर पहारा ठेवून आहे, आणि त्यालाही काही सापडलेले नाही. हे खरे की काय, ते मी समोरासमोर विचारीन.

हे सर्व मी वाचून पाहिले, साक्षीदारांकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि दोन्ही एकच निघाल्यावर सही केली.

सही: बेकरीवाल्या ताई

ठिकाण: बेकरीच्या वरची पुढची खोली
दिनांक: शनिवार, दुपारी, खाली माणसे जमत असताना

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही आणि ज्यांनी तसे कबूल केले आहे:

१. कोपऱ्यावरचे डॉक्टर. ताईंना तपासले, बुद्धी शाबूत आहे. माझी पदवी खरी आहे का, हे त्यांनी सहीपूर्वी विचारले.

२. समोरच्या चपलांच्या दुकानाचे मालक. ताईंनी माझ्यासमोर सही केली. त्यानंतर पदर खोचून खाली गेल्या. निघताना मी रस्त्यावरून बेकरीच्या खिडकीतून पाहिले, त्या काथवटीपाशी बहिणीशेजारी उभ्या होत्या आणि मोठ्याने काहीतरी बोलत होत्या. काय, ते मी ऐकले नाही.