सगळ्यात वरचं नाव

आबा, पेणच्या आपल्या गणपतीच्या कारखान्यात तुम्हाला विचारल्याशिवाय होऊ नये असं काहीतरी होतंय, आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. दादा आपल्या मूर्ती ऑनलाइन विकायला काढतोय. त्याचा कॅटलॉग मी इथे रोह्याला, सासरी बसून बांधतेय. वर आपला कारखाना, त्याखाली शाडू, त्याखाली एकेक साचा, साच्याखाली त्यातून निघालेल्या मूर्ती. हे कॉम्प्युटरवर साठवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत प्रत्येकाला फक्त आपल्या लगेच वरच्याचं नाव ठाऊक असतं. दुसरीत प्रत्येक मूर्ती कारखान्यापासूनची सगळी वाट स्वतःजवळ बाळगते. पहिली सुटसुटीत आहे. वरचं कारखान्याचं एक नाव बदललं की खालचं सगळं मुकाट नव्या घरी जातं. मला तेच खुपतंय.

कारण वडखळचा जो व्यापारी हे स्वतःच्या साइटवर चढवणार, तो पहिलीच मागतोय. गेल्या वर्षी त्याने एक कारखाना असाच साइटवर घेतला. त्यांच्या मूर्ती आजही तिथे त्याच्या नावाखाली दिसतात, कारखाना कुठेच दिसत नाही. दादाला दाखवलं तर म्हणतो, "तुला सगळीकडं भूतच दिसतं गो. सोपं हाय ता कर नि मोकळी हो."

एकदा सुट्टीत मी तुम्हाला खूश करायला फळीवरच्या सगळ्या मूर्ती उंचीप्रमाणे लावल्या होत्या. तुम्ही ब्रश खाली ठेवता, रांगेकडे बघत राहता. "दिसतंय बरा. पण कोण कुठल्या साच्यातला, ता आता कसा कळायचा?" ओरडत नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटते. मग संध्याकाळपर्यंत आपण दोघं एकेक मूर्ती उचलून परत जागेवर नेतो, आणि तुमचा चहा तसाच गार होतो.

आज दुपारी मी दुसरी तऱ्हा पक्की केली आणि व्यापाऱ्याला फोन केला. वाटलं, चिडेल, सौदा मोडेल, दादा माझं तोंड बघणार नाही. सगळ्याची तयारी ठेवली होती. तो हसला. "चालेल की ताई. एकेक मूर्ती घेऊन वरचं नाव बदलावं लागेल, वेळ जाईल, एवढंच. माणसं आहेत आपल्याकडे."

दादाला यातलं काही बोलले नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते, पण हा कागद कुठे जाणार आहे? आबा, मी व्यापाऱ्याला "बरं" म्हटलं.