मृगातला गुलाबी तेजोमेघ, कामोठ्याच्या गच्चीवरून

३ फेब्रुवारी
ही वही आजपासून फक्त खगोलासाठी. संकल्प: मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा रंगीत फोटो काढून, फ्रेम करून समीक्षाला लग्नात द्यायचा. मिक्सर कुणीही देतं. मुलीला तेजोमेघ कोण देतं? शशिकला म्हणाली, आधी हॉलवाल्याला फोन करा. बायकोला काय सांगायचं आता!

५ फेब्रुवारी
गच्चीवर कॅमेरा लावला. मागे गावात कुणाची तरी हळद. डीजेने पाण्याची टाकी थरथरत होती, आभाळभर रंगीत झोत. सोसायटीकडे तक्रार लिहिणार होतो, पण एकाग्रता मोडली असती. नेटाने भरपूर फोटो काढले.

६ फेब्रुवारी
जमलं!!! सॉफ्टवेअरने सगळे फोटो एकावर एक रचले आणि लॅपटॉपवर हळूहळू गुलाबी, हिरवा, जांभळा उमटला. गुलाबी म्हणजे हायड्रोजन, हिरवा ऑक्सिजन. जांभळ्याचं बघावं लागेल. समीक्षाला दाखवला. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, छान आहे बाबा, पण तुम्ही जरा झोपत जा. भारावली बिचारी.

८ फेब्रुवारी
आभाळ निरभ्र, गावात शांतता. फोटो राखाडी. कॅमेराच बोगस.

९ फेब्रुवारी
राखाडी. लेन्स शशिकलाच्या ओढणीने पुसली. ती लग्नातली निघाली. बोलणी खाल्ली.

११ फेब्रुवारी
गावात पुन्हा हळद. तेजोमेघ पुन्हा हजर! या वेळी निळासुद्धा. शोध लागला: पंचांगकर्ते मुहूर्त उगाच काढत नाहीत. वातावरण शुद्ध असतं तेव्हाच काढतात. आपले पूर्वज काय लोक होते!

१२ फेब्रुवारी
होणारा जावई निकेश आला होता. कामोठे गावातलाच. फोटो दाखवला. अदबीने म्हणाला, "पप्पा, हे आमच्या गावातल्या हळदीचं लायटिंग तर नाय?" मुलगा गुणी आहे, पण विज्ञानात कच्चा. रागावलो नाही. नुसता हसलो.

१५ फेब्रुवारी
पंचांग पाहिलं. समीक्षाचं लग्न २० ला, हळद १९ ला. उत्तम मुहूर्त, म्हणजे उत्तम आकाश! दोन्हीकडची हळद एकत्र, गावच्या मैदानात, आमच्या बिल्डिंगच्या पाठीच. म्हणजे गच्ची हाकेच्या अंतरावर. समीक्षाने एकच मागितलं, बाबा, हळद लावायला वेळेवर या. वेळेवर म्हणजे काय? सगळ्यांच्या आधी येणार. पटकन दहा फोटो, की खाली.

१९ फेब्रुवारी, गच्चीवर
खाली माईकवरून माझं नाव पुकारतायत. आलोच. अजून दहाच. फोन सायलेंटवर टाकला.

नंतर
काय रंग! झोतच्या झोत थेट गच्चीवर येतायत. जन्मात पाहिले नाहीत असे. आता खाली उतरणं म्हणजे मूर्खपणा. हळद काय, नंतरही लावता येते.

२० फेब्रुवारी, पहाटे
खाली गेलो तेव्हा पोरं वायरी गुंडाळत होती. समीक्षा तोंड धुऊन बसली होती. माझ्या वाटणीची हळद शशिकलाने वाटीत झाकून ठेवली होती, ती सुकली. मी पाणी घालून कालवायला लागलो. शशिकलाने वाटी काढून घेतली.

फोटो कसा आला, समीक्षाने विचारलं. अप्रतिम, म्हणालो. मग ती म्हणाली, "लाइटवाल्याला मीच सांगितलं, झोत गच्चीकडे मार. म्हटलं, बाबा येत नाहीत, तर निदान त्यांचा फोटो तरी चांगला येऊ दे."

यावर मी काय बोललो आठवत नाही. बहुधा हायड्रोजनविषयी.

२० फेब्रुवारी, रात्री
मुलगी गेली. सकाळी घाईने करून आणलेली कालच्या फोटोची फ्रेम सोबत नेली. निकेश म्हणाला, हॉलमध्ये लावू, पप्पा, आमच्या हळदीची आठवण. त्याला दुरुस्त केलं नाही.

२२ फेब्रुवारी
गावात हळद नाही. डीजे नाही. आभाळ निरभ्र, मृग डोक्यावर. फोटो काढले, एकावर एक रचले. राखाडी.

लेन्स तपासली, वायर तपासली. कॅमेऱ्यात काही दोष नाही.